खंडेनवमीचे खरे पूजन : दुचाकीला तेल कोणते घालावे?

नवरात्राचे दिवस भरत आले, की पनवेलच्या बाजारात झेंडूच्या राशी पडतात आणि घरोघरी खंडेनवमीची तयारी सुरू होते. पूर्वी ढाल, तलवार, नांगर, विळा यांचे पूजन होई. आज बहुतेक घरांत त्या मानाच्या जागी दारातील दुचाकी उभी असते. तिला स्नान घालून हळदकुंकू वाहावे, हाराने सजवावे आणि दसऱ्याला सीमोल्लंघनास निघावे, अशी रीत पडली आहे. रीत चांगलीच आहे. परंतु ज्या इंजिनावर आपला व आपल्या माणसांचा जीव अवलंबून आहे, त्याच्या पोटातील तेलाची चौकशी त्या दिवशी किती जण करतात? आम्हीही करीत नव्हतो. ती करावयास आम्हाला ज्या प्रसंगाने शिकविले, तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

काही वर्षांपूर्वी नवरात्रातच आम्ही सपत्नीक कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या दर्शनास निघालो होतो. द्रुतगती मार्गावर दुचाकीस मज्जाव असल्याने जुन्या रस्त्याने चौक, खोपोली करीत बोरघाट चढावा लागतो. निघण्याच्या आदल्या दिवशी तेल बदलावयाचे होते. घरात चारचाकीसाठी आणलेले उंची तेल उरले होते. ‘महागाचे तेल, ते वाईट कसे असेल?’ असा विचार करून आम्ही तेच दुचाकीत ओतले. डब्यावर ०डब्ल्यू-२० असे छापले होते आणि आमच्या वाहनाच्या पुस्तिकेत २०डब्ल्यू-४० असे. हे दोन्ही आकडे ताडून पाहण्याची बुद्धी आम्हाला झाली नाही.

खोपोलीपर्यंत काही जाणवले नाही. घाटाची चढण लागली आणि इंजिन गरजू लागले, पण चाकाला जोर येईना. क्लच घसरत होता. मागे भरलेला ट्रक, पुढे वळण, आणि सौभाग्यवतींच्या मांडीवर देवीची ओटी! ज्या घाटात जाणारेयेणारे शिंग्रोबाला नाणे वाहून मगच पुढे जातात, त्याच घाटात कडेला गाडी घेऊन आम्ही हात जोडले आणि उताराने हळूहळू खोपोलीस परतलो. तेथील मेकॅनिकने तेल बोटावर घेऊन पाहिले आणि म्हणाला, “काका, हे तेल वाईट नाही, पण ते ह्या गाडीचे नाही.” क्लचप्लेटा बदलाव्या लागल्या. ओटी त्या दिवशी घरीच परत आली.

त्या आकड्यांचा अर्थ आम्ही मग समजून घेतला. तो अवघड नाही, घरातल्या देवघरापाशीच सापडतो. थंडीच्या पहाटे खोबरेल तेल बाटलीत गोठून बसते, तिळाचे तेल मात्र समईत सुखाने ओतता येते. उलट कढईत तापले की कोणतेही तेल पाण्यासारखे पातळ होते. तेलाच्या ह्या घट्टपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात आणि बोलीत तेलाचे ‘वजन’. तराजूतील वजनाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ ह्या संस्थेने १९११ साली त्याची प्रतवारी प्रथम ठरविली. तीच सुधारत आज जगभर चालते.

२०डब्ल्यू-४० मधील ‘डब्ल्यू’ हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याचे. त्याच्यामागचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत सहज वाहते. २०डब्ल्यू तेलाची थंडीतील चालू होण्याची कसोटी उणे १५ अंशांवर घेतात, १०डब्ल्यूची उणे २५ अंशांवर. पनवेलला तशी थंडी कोठली? म्हणून आपल्याकडे पहिल्या आकड्याहून दुसऱ्या आकड्याचे महत्त्व अधिक. १०० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट राहते, हे तो सांगतो. तेथे ३० क्रमांकाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९ असते. कळंबोलीच्या कोंडीत भर दुपारी वाऱ्यावर थंड होणारे इंजिन तापते, तेव्हा धातूंच्या मधला तेलाचा पापुद्रा टिकतो की फाटतो, हे ह्या आकड्यावर ठरते.

यावरून ‘जाड तेल तेवढे उत्तम’ असे मात्र कोणी समजू नये. इंजिनातील भागांमधील फट कारखान्यात मापून ठेवलेली असते. तिच्याहून जाड तेल घातल्यास ते सकाळी वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, झीज वाढते आणि पेट्रोलही अधिक लागते. स्प्लेंडरसारख्या हलक्या गाडीस १०डब्ल्यू-३०, जुन्या लोखंडी बुलेटला २०डब्ल्यू-५०, नंतरच्या एकसंध इंजिनाच्या बुलेटला १५डब्ल्यू-५०, असा ज्याचा त्याचा आहार वेगळा. तो वाहनाच्या पुस्तिकेत छापलेला असतो. ती पोथीप्रमाणे जपून ठेवावी.

दुसरी गोष्ट क्लचची. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही एकाच तेलात न्हात असतात. चारचाकीच्या पुष्कळ तेलांत इंधन वाचविण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये घालतात. तीच क्लचप्लेटांना निसरडे करतात. आमच्या फजितीचे मुख्य कारण हेच होते, आणि पातळ वजनाने त्यात भर घातली. म्हणून मोटारसायकलीच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण पाहावी. ‘एमबी’ ही खूण स्कूटरच्या तेलाची. ते मोटारसायकलीच्या ओल्या क्लचला चालत नाही. शिवाय गिअरच्या दात्यांत भरडून तेल कालांतराने पातळ होते, म्हणून पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरांनंतर ते बदलावेच.

तेव्हा यंदा हार घालण्यापूर्वी एवढे करावे. गाडी सपाट जागी सरळ उभी करावी, इंजिन थोडे चालवून बंद करावे, दोनतीन मिनिटांनी पट्टी पुसून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तेलाची पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी, कमीही नको आणि जास्तही नको. काढलेले जळके तेल गटारात ओतू नये. गटाराचे पाणी शेवटी गाढी नदीकडे आणि खाडीकडेच जाते. ते डब्यात भरून, जळके तेल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यावे.

आमची राहिलेली ओटी पुढे महिन्याभराने एकवीरेच्या पायी पोहोचली. तेल २०डब्ल्यू-४० होते आणि घाट एका दमात चढला. शिंग्रोबाला नाणे वाहताना सौभाग्यवती म्हणाल्या, “देव सांभाळतो खरा, पण पुस्तिका वाचायचे काम त्याने आपल्याकडेच ठेवले आहे.” वाचकहो, आपले सीमोल्लंघन सुखरूप होवो.