नावाचा मेळ

२०२४ च्या भाद्रपदात, काटोल तालुक्यातील एका गावी, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर कृषी सहायक याद्या पसरून बसले होते, तेव्हा शिवारात सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या. पण ओसरीवरचा हिशेब मागल्या खरिपाचा होता. २०२३ च्या त्या खरिपात पिवळ्या मोझॅक रोगाने विदर्भातील सोयाबीनची रानेच्या राने पिवळी पाडली, आणि जे घरात आले त्यालाही मनाजोगा भाव मिळाला नाही. म्हणून राज्य शासनाने कापूस व सोयाबीन उत्पादकांस हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, आणि ०.२ हेक्टरहून कमी क्षेत्रास सरसकट १,००० रुपये देण्याचे ठरविले होते.

इंग्रजी अमदानीत १८८४ च्या कायद्याखाली तकावी, म्हणजे सरकारी शेतीकर्ज, मागणाऱ्या शेतकऱ्याची सारी भिस्त अंमलदाराच्या विवेकावर असे. आता रक्कम आधारशी जोडलेल्या बँकखात्यात परस्पर जमा होते. मधले हात गळाले, ही सुधारणा मी मनापासून मोलाची मानतो. मात्र त्या वेळी त्यासाठी सातबारा आणि आधार या दोन्ही ठिकाणी माणूस एकच आहे असे सिद्ध व्हावे लागे, आणि ते सिद्ध करण्याचे जिकिरीचे काम त्या ओसरीवर चालले होते. सहायकांचे बोट यादीवरून सावकाश उतरे. सातबाऱ्यावरचा विठोबा आधारपत्रावर विठ्ठल झालेला आढळला की ते थांबत, बापाचे नाव विचारीत, गट क्रमांक पडताळीत, आणि खात्री पटल्यावरच संमतिपत्र पुढे सरकवीत. १.२० हेक्टर म्हणजे ६,००० रुपये, हा गुणाकार क्षणाचा; त्याआधीचा नावाचा मेळ मात्र कधी अर्धा तास घेई. खाते सामायिक असेल, तर बाकीच्या हिस्सेदारांचे ना-हरकत पत्र निराळे.

दुपारी एक विधवा बाई आल्या. सातबाऱ्यावर दिवंगत पती आणि दोन दीर यांची नावे होती. वारसाचा फेरफार झालाच नव्हता.

“पेरलं म्या, निंदलं म्या, मंग कागदावर माह्यं नाव काऊन नाई, भाऊ?”

“काकू, आधी तलाठ्याकडं वारसाचा अर्ज द्या,” सहायक म्हणाले, आणि तो अर्ज त्यांनी स्वतःच लिहून दिला. वास्तविक त्यांच्यापुढे अद्याप पुष्कळ नावे उरली होती.

३० सप्टेंबरला रकमेचे वितरण सुरू झाले. पुढल्या वर्षी मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली, तेव्हा मला ती ओसरी आठवली. शासनाचे साहाय्य शेवटी नोंदीच्याच वाटेने शेतापर्यंत पोहोचते; म्हणून निधी मंजूर करण्याइतकेच, जी निंदते तिचे नाव तिच्या हयातीत कागदावर चढविणे, हेही शासनाचे कर्तव्य आहे असे मी समजतो. त्या दुपारी तो अर्ज पदराच्या गाठीत बांधून बाई उठल्या आणि घराकडे न जाता तलाठी दफ्तराच्या वाटेला लागल्या.