रुपेरी अग्निबाण : शालेय प्रतिकृतीस टिकाऊ चकाकी कशी आणावी

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळांतून विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू होते. चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर अलगद उतरल्यापासून तर अग्निबाणाची प्रतिकृती नसलेले प्रदर्शन विरळाच. वालावल परिसरातील व एकूणच कर्ली खाडीच्या काठावरील शाळांना भेटी देताना मात्र एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. मुलांनी मोठ्या हौसेने रंगविलेला रुपेरी अग्निबाण प्रदर्शनाच्या दिवशी झळाळत असतो. पुढचा पावसाळा सरल्यावर कपाटातून काढावा तर तो करडा पडलेला, पोपडे आलेला आणि बोट लावताच हाताला भुकटी लागणारा असतो. मग तो टाकून दिला जातो, आणि बाजारातून तयार प्रतिकृती आणण्याचा मोह होतो. ज्या घरी वह्यांचाही हिशेब करावा लागतो, त्या घरच्या मुलास हा खर्च झेपत नाही व ते मूल प्रदर्शनापासूनच दूर राहते. म्हणून हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

खऱ्या अग्निबाणांच्या इतिहासातही चकाकी आणि दमट हवा यांचे नाते जुने आहे. अमेरिकेच्या ज्या ‘ॲटलास’ अग्निबाणाने जॉन ग्लेन यांना २० फेब्रुवारी १९६२ रोजी पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घालण्यास पाठविले, त्याची रुपेरी झळाळी रंगाची नव्हती. ती अतिशय पातळ अशा स्टेनलेस पोलादाच्या उघड्या पत्र्याची होती. त्या पत्र्यास गंज चढू नये म्हणून १९५३ मध्ये ओलावा दूर सारणारे एक तेल सिद्ध करण्यात आले. आज सायकलच्या दुकानात मिळणारे ‘डब्ल्यूडी-४०’ ते हेच. आपल्या देशातील पहिला अग्निबाणही २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाहून, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरूनच उडाला. तेव्हा खाऱ्या वाऱ्याची तक्रार आपली एकट्याची नव्हे.

प्रथम चकाकी म्हणजे काय ते मुलांना दाखवावे. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या कागदाचा एक तुकडा सपाट धरावा, दुसरा चुरगळून पुन्हा उलगडावा. धातू तोच, परंतु पहिल्यावरून प्रकाशकिरण एकाच दिशेने परावर्तित होतात, दुसऱ्यावरून ते वाटेल तसे विखुरतात. यावरून मुलांच्या आपोआप ध्यानात येते की, चकाकी ही डब्यातील रंगात कमी आणि रंगाखालील पृष्ठभागात अधिक असते. खडबडीत पुठ्ठ्यावर कितीही किमती रंग दिला तरी तो पुठ्ठ्यासारखाच दिसणार.

रुपेरी रंगाची रचना आपल्या मुलांना समजावणे फारच सोपे आहे. त्यात ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म चपटे पापुद्रे असतात. काही रंगांत या पापुद्र्यांवर स्टिअरिक आम्लाचा स्निग्ध लेप दिलेला असतो; त्यामुळे रंग ओला असतानाच ते तरंगून वर येतात आणि घरावरील कौलांप्रमाणे किंवा माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक बसतात. असा रंग आरशासारखा चमकतो, परंतु पापुद्रे अगदी वरच्या थरात असल्याने बोटाला लागतात. दुसऱ्या जातीच्या रंगात पापुद्रे संपूर्ण थरात पसरलेले असतात. चमक थोडी मंद, पण टिकाऊपणा अधिक. दुकानात ‘क्रोम’ म्हणून मिळणारे फवाऱ्याचे डबे बहुधा पहिल्या जातीचे असतात. अशा रंगावर संरक्षणासाठी पारदर्शक रोगण दिल्यास त्यातील द्रावक पापुद्र्यांची मांडणी विस्कटून टाकते आणि आरशाचा एका क्षणात करडा पत्रा होतो. माझे मत असे की, जी प्रतिकृती पन्नास मुलांच्या हातांतून जाणार, तिला दुसऱ्या जातीचा साधा ॲल्युमिनियम रंगच द्यावा. रोगण देणे असेल तर आधी टाकाऊ पुठ्ठ्यावर देऊन पाहावे.

आता पूर्वतयारीविषयी, सर्वांत जास्त श्रम येथेच खर्ची घालावेत. पुठ्ठ्याच्या नळीवर पिळाची खाच असते, ती लांबी भरून बुजवावी. पंखांसाठी पांगारा किंवा सावर यांचे हलके लाकूड चालते, पण त्याचे रेषे उघडे असतात. त्यावरही लांबीचा पातळ हात द्यावा. वाळल्यावर २२० व नंतर ४०० क्रमांकाच्या पॉलिश कागदाने, डोळे मिटून बोट फिरविले असता खाच कळू नये इतके घासावे. ही परीक्षा मुलांना फार आवडते.

आपल्याकडे रंगास पोपडे येतात ते बहुतेक आतून. नळीची बाहेरची बाजू सर्वजण रंगवितात. आतली बाजू आणि कापलेल्या कडा मात्र कोरड्याच राहतात. पावसाळ्यात पुठ्ठा तेथून ओलावा पितो, फुगतो आणि वरचा रंग उचलून धरतो. म्हणून नळी प्रथम उन्हात चांगली वाळवावी आणि आतून, बाहेरून व कडांवर चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या रोगणाचा हात द्यावा. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने हे काम शिक्षकांनी स्वतः, उघड्या जागी करावे. त्यानंतर करड्या अस्तराचे दोन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर ६०० क्रमांकाचा कागद, आणि अधिक झळाळी हवी असल्यास चकचकीत काळ्या रंगाचा एक हात. रुपेरीखाली काळा हे ऐकून मुले हसतात, पण काळ्या गुळगुळीत थरावर रुपेरी रंग अधिक खोल दिसतो. हा काळा हात निदान दोन दिवस वाळू द्यावा.

रुपेरी रंग एकाच जाड थरात न देता तीन-चार पातळ थरांत द्यावा. फवारा २५ ते ३० सेंटीमीटर अंतरावरून, वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. कुंचला वापरल्यास तो एकाच दिशेने ओढावा, सुकू लागलेल्या रंगावर परत फिरवू नये. वेळ सकाळी दहानंतरची व दुपारी चारपूर्वीची असावी. लवकर उडून जाणाऱ्या थिनरचा रंग सुकताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि पांढरट धुरकटपणा येतो. धुक्याच्या सकाळी किंवा पावसाळ्यात हे हमखास घडते. या कामी जवळच्या गणपतीच्या शाळेतील रंगाऱ्यास अवश्य विचारावे. मुकुटाची झळाळी कोणत्या हवेत बसते व कोणत्या हवेत फसते, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?

रंगाचा वास कोंडलेल्या वर्गात मुलांच्या श्वासात जाऊ देऊ नये. कोरडी ॲल्युमिनियमची भुकटी तर शाळेत आणूच नये. ती फटाक्यांत वापरली जाते, आणि हवेत उडाली असता ठिणगीने भडकते. पाण्याच्या अग्निबाणासाठी घेतलेली प्लास्टिकची बाटलीही घासू किंवा रंगवू नये. ओरखड्यांनी व द्रावकांनी ती कमकुवत होते आणि हवेचा दाब भरताना हातात फुटू शकते. तेथे रंग द्यावयाचा तो पुठ्ठ्याच्या टोकास आणि पंखांस.

पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी माझी शिफारस रंगाची नाहीच. त्यांनी ॲल्युमिनियमचा कागद किंवा त्याची चिकटपट्टी वापरावी. वास नाही, वाळण्याची वाट नाही, आणि चमक कोणत्याही रंगाहून सरस. कागदाची एक बाजू मंद का, असा प्रश्न मुले विचारतातच. कारखान्यात शेवटच्या लाटणीत दोन कागद एकत्र लाटले जातात, त्यांच्या एकमेकांस लागलेल्या बाजू मंद राहतात. पाचवीपासून पुढच्या वर्गांस याच कामात गणितही आहे. नळीचा व्यास ७ सेंटीमीटर असेल तर घेर २२ सेंटीमीटर. उंची ५० असल्यास कागद ११०० चौरस सेंटीमीटर, शिवाय जोडासाठी अर्धा सेंटीमीटर जास्त रुंदी. जोड मागील बाजूस घ्यावा व चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासत हवा बाहेर काढावी. टोकाच्या गोलाईवर मात्र सबंध कागद सुरकुततो. तेथे तो कमळाच्या पाकळ्यांसारख्या निमुळत्या पट्ट्यांत कापून बसवावा.

प्रतिकृती हाताळल्यावर घामाचे डाग कोरड्या मऊ फडक्याने लगेच पुसावेत, कारण घामातील मीठ ॲल्युमिनियमवर ठिपके पाडते. पावसाळ्यात ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये; आत ओल कोंडून बुरशी येते. सुती कापडात सैल गुंडाळून, भिंतीपासून दूर, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावी आणि उघडीप मिळेल तेव्हा वारा द्यावा.