एकच अनुस्वार, आवाज अनेक! अक्षर आधी कानाला, मग बोटाला का शिकवायचे?

गेवराई तालुक्यातील ‘चकलांबा’ या गावाच्या नावाची पाटी पहिलीतल्या मुलाला वाचायला द्या. ‘च’ आणि ‘क’ ओळखीचे असतात. पोर थांबते ते ‘लां’पाशी. इथला अनुस्वार ‘म्’ बोलतो, ‘अंडे’मध्ये तोच ‘ण्’ होतो आणि ‘आनंद’मध्ये ‘न्’. मुळाक्षरे घडाघडा म्हणणारे मूल वाचताना अडते ते अशाच जागी.

मराठीला फोनिक्स कशाला?

इंग्रजीत अक्षराचे नाव ‘बी’ आणि आवाज ‘ब्’. मराठीत ‘ब’ला ‘ब’च म्हणतात, म्हणून ध्वनी वेगळे शिकवायची गरज नाही असे अनेकांना वाटते. पण चहाचा ‘च’ आणि चमच्याचा ‘च’ एकच आहे का? म्हणून पाहा. ‘घर’मधला ‘र’ बोलताना अर्धाच उरतो. ‘कि’मध्ये वेलांटी दिसते आधी, ऐकू येते नंतर. हे सारे पाठांतराने उमगत नाही, कानाने उमगते.

बहुसंवेदी पद्धतीत म्हणूनच सुरुवात पाटीवर होत नाही. मका, माती, मांजर म्हणताना ओठ कसे मिटतात, ते मुलाने बोट लावून पाहायचे. मग मातीत ‘म’ गिरवायचा आणि गिरवताना आवाज मोठ्याने काढायचा. मुकाट्याने गिरवले तर ती नुसती चित्रकला! त्यानंतर ‘म’ आणि ‘का’ची कार्डे जोडून ‘मका’ वाचायचा. शिकलेल्या दोन-चार अक्षरांतून लगेच शब्द व्हायला हवा; बाराखडी पूर्ण होईपर्यंत मुलाला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही.

कल्पना नवी नाही. मारिया माँटेसरी यांनी खरखरीत कागदाची अक्षरे मुलांच्या बोटांखाली दिली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे परिसरातल्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. महागडा संच लागत नाही. परातीत पीठ पसरले तर आजी ओरडेल, भाकरीचे पीठ ते. चाळलेली माती पुरते.

कोयत्याबरोबर शाळाही सुटते

बीडमध्ये या प्रश्नाला वेगळी धार आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कुटुंबे फडावर निघतात आणि परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. मुलांना मागे ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे, तरी बरीच लहान मुले आईबरोबरच जातात. पहिलीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. अक्षरे शब्दांत जुळू लागतात नेमक्या तेव्हाच हे मूल उसाच्या कोपीत असते. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’चे उद्दिष्ट आहे, त्यासाठी मुदत 2026-27 ची.

परतलेल्या मुलाला वर्ग ज्या धड्यावर आहे तिथेच बसवले, तर ते फळ्यावरचे उतरवून घेते आणि वाचता येते असा भास होतो. खरी चाचणी पाच मिनिटांची आहे. ‘मका’ हा शब्द पुस्तक न दाखवता तोडून म्हणायला सांगा. ते जमले, तर कार्डे सुटी देऊन जोडायला द्या. नाहीच जमले, तर पुस्तक बाजूला ठेवून पुन्हा ओठांवर बोट, मातीत ‘म’.