फिटच्या गोळ्या घेणारी मुले

अपस्मारावरची औषधे मेंदूतील पेशींची अवाजवी विद्युत खळबळ शमवतात. पण फिट जिथून उठते तेवढ्याच जागी औषध पोचवता येत नाही. रक्तातून ते साऱ्या मेंदूत जाते आणि झोप, भूक, तोल, राग यांनाही हात लावते. बहुतेक दुष्परिणाम इथून सुरू होतात. मुलांच्या बाबतीत आणखी अडचण अशी की मेंदू अजून घडत असतो, वजन वाढेल तसा डोस बदलावा लागतो, आणि चार वर्षांचे मूल गरगरते आहे असे सांगत नाही. ते नुसते धडपडते नाहीतर किरकिर करते.

नांदेड-लातूर भागातली मुले तपासणीसाठी विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत येतात. ऐपत असलेले नांदेडकर हैदराबाद गाठतात, लातूरकर सोलापूर किंवा पुणे. गोळ्या मात्र गावी राहून घ्यायच्या असतात, तीही वर्षानुवर्षे. त्यामुळे दुष्परिणाम पहिल्यांदा दिसतो तो आईला किंवा शाळेतल्या गुरुजींना, आणि तो औषधाचा आहे हे दोघांच्याही ध्यानात येतेच असे नाही.

वागण्यातला बदल हे याचे ठळक उदाहरण. फिनोबार्बिटोन, म्हणजे गार्डिनल, १९१२ पासून या आजारावर वापरले जाते आणि स्वस्त असल्याने अजून टिकून आहे. मोठ्या माणसाला त्याने गुंगी येते. मुलांत मात्र कित्येकदा उलटेच घडते: मूल एका जागी बसत नाही, मारकुटे होते, अभ्यासात मागे पडते. शाळेत ते वांड ठरते, घरी मार खाते. नव्या औषधांपैकी लेव्हेटिरासिटाम इतर औषधांच्या वाटेला फारसे जात नाही, म्हणून डॉक्टरांच्या पसंतीचे. पण चिडचिड, रडारड, अंगावर धावून जाणे हे त्याचेही परिणाम आहेत. ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांत दिसतात. काही डॉक्टर सोबत बी-६ जीवनसत्त्व देतात, त्यामागचा पुरावा मात्र तोकडा आहे. डोस कमी केला किंवा औषध बदलले की वागणे सहसा पूर्ववत होते, म्हणून ‘आधी असा नव्हता’ ही तक्रार डॉक्टरांपुढे करायलाच हवी.

फेनिटॉइन (दुकानात एप्टॉइन) १९३८ पासूनचे. दीर्घकाळ घेतल्यास हिरड्या सुजून दातांवर चढतात आणि अंगावर लव वाढते. याहून नाजूक बाब डोसची. यकृताची हे औषध जिरवण्याची क्षमता एका मर्यादेला संपते. तिथून पुढे डोस जरासा वाढवला तरी रक्तातले प्रमाण एकदम उसळी घेते. मग मूल झोकांड्या खाते, बुबुळे थरथरतात, उलट्या होतात. पातळ औषधात हा धोका बाटलीतच दडलेला असतो. औषध तळाशी बसते. बाटली न हलवता दिली तर सुरुवातीचे दिवस फिकट डोस जातो आणि शेवटी घट्ट. महिन्याच्या आरंभी फिट आणि अखेरीस झोकांड्या, असे दिसले तर आधी बाटलीकडे पाहावे. घरातल्या चमच्याने मोजणेही सोडावे. सुई काढलेली सिरिंज स्वस्त मिळते आणि अचूक मोजते.

व्हॅल्प्रोएटने भूक आणि वजन वाढते, केस गळतात, हात थरथरतात. क्वचित यकृताला गंभीर इजा होते. दोन वर्षांखालच्या आणि अनेक औषधे एकदम घेणाऱ्या मुलांना हा धोका अधिक. सतत उलट्या, मलूलपणा, कावीळ दिसली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. मुलींसाठी प्रश्न पुढचाही असतो. गरोदरपणी हे औषध चालू असल्यास सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग आढळते आणि ३० ते ४० टक्के मुलांत बौद्धिक वाढ किंवा वर्तनाच्या अडचणी दिसतात. लग्ने लवकर होणाऱ्या भागात हा विचार वयात येतानाच व्हायला हवा. मुलीच्या आजाराची गोष्ट सोयरिकीच्या वेळी झाकली जाते आणि मग औषध बदलायची वेळ निघून जाते, हे खेड्यापाड्यांतले वास्तव आहे.

टोपिरामेट आणि झोनिसामाइड यांच्याबद्दल मराठवाड्यात वेगळी काळजी लागते. या औषधांनी घाम कमी येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे असताना घाम न येणाऱ्या मुलाचे अंग तापते, आणि घरचे ताप समजून क्रोसिन देत बसतात. अशा वेळी सावली, ओले फडके आणि पाणी कामाला येते. मूल सुस्तावले तर दवाखाना. टोपिरामेटने मूतखड्याचाही धोका वाढतो, म्हणून पाणी भरपूर प्यायचे असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे अवघड आहे.

अंगावर पुरळ उठणे हा कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजिन यांचा परिणाम, बहुधा पहिल्या दोन महिन्यांतला. उन्हाळ्यात तो घामोळ्यांत खपून जातो. पण पुरळासोबत ताप, तोंडात फोड, लाल डोळे किंवा सोललेली कातडी असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण ही प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. लॅमोट्रिजिन थोड्या डोसापासून आठवड्या-आठवड्याने वाढवतात ते यासाठीच. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर आणखी सावकाश, कारण ते लॅमोट्रिजिन शरीरातून लवकर जाऊ देत नाही.

औषधे एकमेकांत कशी गुंततात हे क्षयरोगाच्या उपचारात दिसते. आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन रक्तात साचतात, रिफॅम्पिसिनमुळे उलट लवकर नाहीसे होतात. क्षयाच्या गोळ्या सुरू करताना फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवली नाही, तर एक आजार बरा करताना दुसरा उफाळतो.

दहावीनंतर शिकवण्यांसाठी लातूर-नांदेडला राहणाऱ्या मुलांची अडचण निराळी. झोप येऊ नये म्हणून रात्रीची गोळी टाळायची आणि जागून अभ्यास करायचा, हा मार्ग काहींना सुचतो. जागरण स्वतःच फिट आणते. किशोरवयात सुरू होणाऱ्या अपस्माराच्या एका प्रकारात तर सकाळी उठल्यावरचे हाताचे झटके हे आजाराचेच लक्षण असते. गुंगी फार असेल तर डोसची वेळ किंवा वाटणी बदलता येते.

गोळ्या अचानक सुटण्याचे दुसरे कारण ऊसतोड. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि महिन्याभराच्या गोळ्या तिथे संपतात. अशाने फिट थांबायचे नाव घेत नाही, अशी अवस्था येऊ शकते. निघण्यापूर्वी जास्त दिवसांची औषधे मागून घ्यावीत आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण कंपनीचे नाव गावागणिक बदलते.

दुष्परिणामाची नोंद पालकही करू शकतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

सलग दोन वर्षे फिट आली नाही, तर बहुतेक मुलांबाबत औषध बंद करण्याचा विचार होतो. ते काही आठवडे ते महिने घेऊन उतरवतात. गार्डिनल आणि क्लोबाझाम सर्वांत हळू, कारण ती झटकन सोडल्यास फिट परततात.