विमानात न्यायची बॅग : आधी टेप, मग पसंती

विमानप्रवास आता काही फक्त साहेबलोकांचा राहिलेला नाही. विठ्ठलवाडी, अंबरनाथ, बदलापूरच्या घराघरांतून कुणाची मुलगी दुबईला, कुणाचा मुलगा जर्मनीला, तर कुणाची सून बंगळूरला असते. लेकीच्या बाळंतपणासाठी एकटीच निघालेली आईही त्या विमानात असते. तिकीट मुलं काढून देतात, पासपोर्ट देवघराच्या कपाटात जपून ठेवलेला असतो. बॅग मात्र शेवटच्या रविवारी, रंग बघून, घाईघाईत घेतली जाते. आणि नेमकी तीच विमानाच्या दाराशी अडते!

अडते म्हणजे काय होतं? कर्मचारी बॅग एका सांगाड्यात घालून बघतात. ती त्यात बसली नाही, किंवा काट्यावर जड भरली, तर जादा पैसे तरी भरा, नाहीतर ती खाली सामानाच्या कप्प्यात पाठवा. पैशांचं एक वेळ सोडा; पण रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा आणि दागिने त्याच बॅगेत असले तर? म्हणून मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी थोडा हिशेब करू या.

माप किती?

आपल्या देशात प्रवाशाला विमानात एकच हातबॅग नेता येते. बायकांची पर्स त्यात धरत नाहीत. इंडिगोच्या साध्या वर्गात ही बॅग ७ किलोपर्यंत चालते आणि तिची लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. पर्सला वेगळे ३ किलो. एअर इंडियाच्या साध्या वर्गातही ७ किलोच. माप ५५, ४०, २०. बेरीज केलीत तर पुन्हा ११५!

परदेशी कंपन्यांचं गणित निराळं असतं. लुफ्तान्सा ८ किलो आणि ५५, ४०, २३ चालवून घेते, तर ब्रिटिश एअरवेज ५६, ४५, २५ आणि चक्क २३ किलो. वाटेत विमान बदलायचं असेल, तर दोन्हींपैकी कडक नियम धरून चाला. नियम बदलतात, तेव्हा तिकिटावर काय लिहिलं आहे ते मुलांकडून वाचून घ्या.

दुकानदाराचे ‘वीस इंच’

उल्हासनगरच्या बाजारात जा नाहीतर कल्याणला, दुकानदार म्हणणार, “ताई, वीस इंची आहे, विमानात चालते.” वीस इंच म्हणजे जवळजवळ ५१ सेंटिमीटर. पण हे माप बरेचदा नुसत्या पेटीचं असतं. खालची चाकं आणि वरची मूठ धरली की तीच बॅग ५५ला टेकते. आणि ‘बावीस इंची’ असेल तर ती पेटीतच ५६च्या आसपास गेली!

तेव्हा शिवणाची टेप पर्समध्ये टाकूनच निघा. बॅग भिंतीला लावून उभी करा, वर एक वही आडवी धरा आणि जमिनीपासून वहीपर्यंत मोजा. जाडी मोजताना बाहेरचा खिसाही धरा. पोट फुगवायची जादा चेन असेल तर ती उघडायचीच नाही असं आधी ठरवा. नाहीतर घेताना २०ची असलेली बॅग भरल्यावर २५ची होते.

रिकामी बॅग उचलून बघा

सात किलोंत बॅगेचं स्वतःचं वजनही येतं. कडक कवचाची बॅग तीन किलोंची असली, तर तुमच्या वाट्याला उरले चारच. कापडी बॅग हलकी, शिवाय थोडी दबते. कडक बॅगेत मात्र नाजूक वस्तू सुरक्षित राहतात. घरी वजन करायचं तर आधी बॅग घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग बॅगेशिवाय. वजाबाकी केली की झालं. जड काठपदरी साड्या मोठ्या सामानात टाका, एक अंगावर नेसा.

चाकांचाही विचार हवा. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकांची बॅग छान पळते. पण आपल्याला आधी विठ्ठलवाडीहून लोकल, घाटकोपरला मेट्रो, मरोळ नाक्याला दुसरी मेट्रो असं करत जायचं असतं. जिने आणि फलाट यांत दोन मोठ्या चाकांची बॅग बरी. शिवाय डब्यात ती आपली आपण घरंगळत नाही. उचलून बघा: डोक्यावरच्या कप्प्यात ती तुमची तुम्हाला ठेवता यायला हवी.

आत काय, बाहेर काय

परदेशी जाताना हातबॅगेत पातळ पदार्थांची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. लेकीसाठी नेत असलेलं लोणचं आणि तुपाचा डबा मोठ्या सामानात घट्ट बांधा. विळी, सुरी, अडकित्ताही तिथेच. मोबाइलची पॉवर बँक मात्र उलट: ती मोठ्या सामानात नव्हे, हातातच ठेवायची.

शेवटचं, पण महत्त्वाचं. औषधं, चिठ्ठी, चष्मा, दागिने आणि पासपोर्ट एका छोट्या कापडी पिशवीत घालून ती बॅगेत सगळ्यांत वर ठेवा. अगदी दाराशी बॅग खाली पाठवायची वेळ आलीच, तर पिशवी उचलून पर्समध्ये टाकायला अर्धं मिनिट पुरतं. मग बॅग कुठेही जाऊ दे, तुमचा जीव टांगणीला लागायचा नाही.