जुनी व्हॅन तापते? आधी झाकण आणि पाणी पाहा

कासारसाईहून हिंजवडी-पिंपरीकडे माल नेणारे व्यापारी असोत की अवजारे घेऊन कामावर जाणारे कारागीर, जुनी मारुती व्हॅन हा अनेकांच्या रोजीचा आधार आहे. १९८४ साली आलेली आणि पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली. नवी मिळणार नाही. म्हणून आहे ती जपणे भाग आहे.

या गाडीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि त्याचे हेड अॅल्युमिनियमचे असते. एकदा जास्त तापून हेड वाकले की हजारोंचा खर्च येतो, धंदा बुडतो आणि व्याजाच्या कर्जाची पाळी येते. सुरुवात मात्र बहुधा एखाद्या स्वस्त वस्तूपासून होते.

पहिली वस्तू रेडिएटरचे झाकण. पुण्याच्या पठारावर उघडे पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते. ०.९ किलो दाबाचे चांगले झाकण तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळू देत नाही. झाकणाचे रबर कडक झाले किंवा चिरले असेल तर झाकण बदलावे. इंजिन गरम असताना ते कधीही उघडू नये; उकळते पाणी तोंडावर उडते.

त्यानंतर लक्षण ओळखावे. हिंजवडीच्या गर्दीत गाडी तापते, पण मोकळ्या रस्त्यावर ठीक चालते, तर पंख्यावर संशय घ्यावा. फ्यूज व वायर पाहावी. पंख्याला थेट बॅटरीचा करंट देऊन तो फिरतो का ते तपासावे. ताम्हिणी घाटात चढावर तापत असेल तर रेडिएटर आतून तुंबलेला असण्याची शक्यता अधिक. गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापली आणि वरचा होजपाइप थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. पट्टा ढिला असला तरी वॉटर पंप नीट फिरत नाही.

रेडिएटर तुंबण्याचे मोठे कारण म्हणजे विहिरीचे व बोअरचे पाणी. त्यातील क्षारांचा थर बारीक नळ्यांत बसतो. म्हणून थंड इंजिनातील जुने पाणी काढून टाकावे, स्वच्छ पाणी निघेपर्यंत आतून धुवावे आणि मग कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरावे. फुगलेले होजपाइप व गंजलेल्या क्लिपा त्याच वेळी बदलाव्यात. भरल्यावर झाकण उघडे ठेवूनच थंड इंजिन सुरू करावे, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत चालू द्यावे, पातळी पुरी करावी आणि झाकण लावावे.

काढलेले कूलंट ओढ्यात किंवा धरणाच्या काठी ओतू नये. ते विषारी असून चवीला गोड असते. मुले व जनावरे यांना त्याचा धोका आहे. पाणी ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण विसरू नये.

ऑइल दुधाळ झाले, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येऊ लागला किंवा रेडिएटरमधील बुडबुडे थांबतच नसले, तर हेड गॅस्केट गेले असे समजावे. तिथे आपला पाना खाली ठेवून मिस्त्रीकडे जावे.

दर जुम्याला सकाळी, इंजिन थंड असताना, पाच मिनिटे काढून पाणी, पट्टा, पाइप व झाकण पाहावे. एवढी काळजी घेतली तर इन्शाअल्लाह गाडी वाटेत दगा देणार नाही.