मंगळवासी आणि त्याचे वाहन
एच. जी. वेल्स यांच्या १८९८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीतील मंगळवासी म्हणजे तीन पायांचे उत्तुंग राक्षस, असा जो समज रूढ आहे, तो चित्रांमुळे स्वाभाविक असला तरी यथार्थ नव्हे. त्रिपाद (तीन पायांचे चालते युद्धयंत्र) हे केवळ वाहन होय. हत्तीवर बसलेल्या माहुताला ज्याप्रमाणे आपण हत्ती म्हणत नाही, त्याचप्रमाणे येथेही भेद करावयास हवा. प्रत्यक्ष मंगळवासी म्हणजे सुमारे चार फूट व्यासाचे मस्तकच असून, त्यास सोळा स्पर्शक (चाबकासारखे लवचीक अवयव) आहेत, पचनसंस्था मुळीच नाही, आणि इतर प्राण्यांचे रक्त स्वतःच्या शिरांत घेऊन तो जगतो. त्याची संतती मुकुलनाने (अंगावर अंकुर फुटून) होते. लंडनवर अंमल बसविणाऱ्या या जीवांचा अंत तोफांनी नव्हे, तर पृथ्वीवरील सूक्ष्म जंतूंनी केला.